झील थांबली की

लाइट जाते तेव्हा नलिनी खुडे काचेआडच्या खोलीत हेडफोन लावून उभी असते, आणि आधी तिला वाटतं की मास्तरच पुन्हा थांबले.

मग एसीची घरघर मंदावत मंदावत विझते. माइकशेजारचा तांबडा ठिपका जातो. उघडलेल्या दारातून टिळेकरांचा आवाज येतो, मशीनमधून न गाळलेला, घरगुती. टिळेकर गेली अकरा वर्षं तिची गाणी रेकॉर्ड करतात.

"नलूताई, गेली. दुपारची गेली की तासभर येत नाही. मी जेवून येतो. तुम्हाला काही आणू?"

"नको. पोट भरलं की श्वास पुरत नाही मला."

"मग पडा जरा. एल्विन लोणावळ्याला पोचलाय, चारपर्यंत येतो सॅक्सोफोन घेऊन."

"टिळेकर, त्या मोकळ्या जागेत वाजवायचं त्याला सांगू नका अजून."

टिळेकर दारात थांबतात. चपलेत अर्धा पाय घातलेला. "ताई, सकाळपासून तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तुम्ही तिथं अडखळलात. एकदा सूर लांबवलात, एकदा गुणगुणलात, एकदा नुसत्याच उभ्या राहिलात. मास्तरांना त्या दिवशी धाप लागत होती, मी इथंच बसलो होतो. मोजताना चुकलं त्यांचं. एल्विन भरून काढेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

दार लागतं. कुणाला कळणारसुद्धा नाही, हेच तर तिला सकाळपासून टोचतंय.

सहा गाण्यांची ही रेकॉर्ड. शब्द मराठी, चाल जॅझची, पियानो सायमन उजागरे मास्तरांचा, गळा तिचा, आणि प्रत्येक गाण्याला एक पाहुणा. कुठं व्हायोलिन, कुठं संबळ, कुठं ट्रंपेट. पाच गाणी मास्तर असताना झाली. सहाव्याच्या वेळी तिचा घसा बसला होता, तेव्हा मास्तर म्हणाले, मी पियानो वाजवून ठेवतो, तू पुढच्या आठवड्यात येऊन गा. पुढचा आठवडा आला, पण मास्तर नव्हते. त्याला आता तीन महिने झाले.

त्या सहाव्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्यानंतर, मास्तर हात उचलतात. सोळा मात्रा काही नाही. चार-चारच्या चार फेऱ्या, कोऱ्या. स्टूल एकदा कुरकुरतं तेवढंच. सतराव्या मात्रेला ते बरोबर परत येतात, जणू कुणीतरी दारापर्यंत जाऊन आलं.

चुकले असतील, तर ती जागा झाकायलाच हवी. माणसाच्या शेवटच्या वाजवण्यातली धाप जगाला कशाला ऐकवायची? आणि मुद्दाम सोडली असेल, तर ती भरणं म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवणं. चारच्या आत ठरवायचं आहे. आणि ज्याला विचारायचं तोच नाही.

ती गालिच्यावर आडवी होते, उशाला पदराची घडी. या खोलीच्या भिंतींवर काळा फोम आहे, बाहेरचं आत येत नाही. वीज नसली की इथं इतकं शांत होतं की अंगातलं रक्त ऐकू येतं. सहाव्या गाण्याच्या ओळी तिच्या ओठांवर आपोआप फिरत राहतात.

गेला पाहुणा निघून
त्याची पायरी ऊन ऊन
बाई, बसले येऊन
तिथं मी गं

ऊन ऊन, म्हणता म्हणता पापणी जड होते. ऊन ऊन. गालिचा किंचित हलतो, पाण्यावरच्या चटईसारखा. आणि काचेवर टकटक होते. एक, आणि मग जरा उशिरानं दोन. ठेक्याच्या किंचित मागं.

असं मागून वाजवणारा माणूस एकच.

टिळेकरांच्या खुर्चीत मास्तर बसलेले आहेत. राखाडी कोट. कोटाचा उजवा खिसा कशानंतरी खाली ओढला गेलाय, त्यामुळं अख्खे मास्तरच एका बाजूला कललेत.

"झोपलीस काय, नेली? रेकॉर्डिंगला लोक उभे राहतात."

नेली हे नाव हॉटेलच्या मॅनेजरनं ठेवलेलं. पुण्याच्या कॅम्पात ती दोघं पहिल्यांदा एकत्र मंचावर आली, तेव्हा बाहेरच्या फळीवर त्यानं परस्पर लिहून टाकलं होतं, मिस नेली. नलिनी खुडे म्हटल्यावर कोण येणार जॅझ ऐकायला? मॅनेजर गेला, हॉटेल पाडलं, फळी कुठं गेली देव जाणे. मास्तरांच्या तोंडी मात्र नेली राहिली.

ते आले याचं तिला नवल वाटत नाही. एवढ्या उकाड्यात कोट घातलाय याचं वाटतं.

"मास्तर, ती सोळा मात्रांची जागा..."

"उठ. इथं नको." आणि ते उठून चालायलासुद्धा लागलेले असतात. जिवंतपणीही पियानोचं स्टूल सोडून कुठं दोन मिनिटं टेकत नसत. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. आता तर त्यांचे पाय जमिनीला नीट लागायच्या आत उचलले जातात.

स्टुडिओचं दार ती ढकलते आणि पायाखाली ओला काथ्या येतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरामागचा बोळ. कांद्याची साल, स्टीलचे ट्रे, वाफ. वाजवणाऱ्यांनी पुढच्या दारानं यायचं नाही, असा तिथला रिवाज. मास्तर पुढं, एका अंगाला झुकलेले. ती मागं, साडीचा काठ ओला होऊ नये म्हणून मुठीत धरून.

"तिकडं पियानो आहे का?" ती विचारते. विचारायचं दुसरंच असतं.

"आहे. रोज कुणीतरी येऊन सुरात लावून जातं. एक पट्टी अडकत नाही. अशा पियानोवर माणसानं काय वाजवायचं?"

"मग करता काय?"

"कंटाळतो. पट्टी अडकली की तिला चुकवून कसं जायचं याचा विचार तरी करता येतो. इथला आठवतो का? खालचा गंधार. जरा दमट झालं की बसलाच."

"मास्तर, विषय बदलू नका. चुकलात, की सोडलीत?"

"तुला काय वाटतं?"

"मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"तू बोलावलंस होय? मला वाटलं मी आलो."

ते झुलतं दार ढकलतात. पलीकडं हॉटेलचा मोठा हॉल, पण दिवे नाहीत, दुपारचं पांढरं ऊन आहे. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. कोपऱ्यात तोच पियानो. समोर तिचा माइक.

नलिनी मुठीतला साडीचा काठ सोडते. ही जागा ती ओळखते. जागेपेक्षा ही घडी ओळखते.

पहिला दिवस. ती माइकपाशी आली आणि घरी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलली. "ह्ये गाणं माझ्या लई आवडीचं हाय." सांगली जिल्ह्यातलं विट्याजवळचं तिचं गाव. तिथं बोलतात तसंच ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं. एका टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि पियानोवरून मास्तर आपल्या माइकमध्ये, त्यांच्या त्या गुळगुळीत आवाजात म्हणाले, "मंडळी, ही गाते तेव्हा संगमरवर असतो. बोलली की विटा."

हॉल हसला. तीही हसली. कोटी चांगलीच होती. मनाला लागावी असा मास्तरांचा हेतूही नव्हता. लोकांच्या हसण्यातून तिला सोडवावं म्हणूनच ते बोलले असतील, असं ती पुढं बावीस वर्षं स्वतःला समजावत आली.

पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाण्याआधी मास्तर बोलायचे, आणि ती फक्त गायची. कुणी बंदी घातली नव्हती. शहरातलं बोलणं ती शिकली, फोनसाठी, दुकानासाठी, टिळेकरांसाठी. पण समोर माइक आला की बोलण्याचं दार आतून बंद. धन्यवादसुद्धा मान लववून. जॅझमध्ये प्रत्येकाला आपली फेरी मिळते, मनाला येईल ते मांडायची. तिची फेरी आली की ती हसून हात करायची आणि पाहुण्याला देऊन टाकायची. लोक म्हणायचे, काय मनाचा मोठेपणा.

मास्तर हॉलच्या मधोमध उभे आहेत, उजवा हात खिशात. इकडं बघतात, तिकडं बघतात. भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसासारखे.

"इथं ठेवावं म्हणत होतो," ते पुटपुटतात. "पण नको. इथं पुन्हा हसतील."

"काय ठेवायचंय?"

"चल."

टेबलांवरच्या उलट्या खुर्च्या आता सरळ आहेत, रांगेनं आहेत, आणि ते चर्च आहे, नगरचं, जिथं मास्तरांचे वडील बाजाची पेटी वाजवायचे. दगडी फरशी गार. भिंती मात्र स्टुडिओच्या, काळ्या फोमच्या. मास्तर पेटीपुढं बसतात, भाता एकदा दाबतात, लगेच उठतात.

"बाबांनी इथं एकच शिकवलं. लोक गातात तेव्हा वाजव. लोक प्रार्थनेला लागले की हात मांडीवर."

"मांडीवर हात ठेवून काय करायचं?"

"ऐकायचं. मला ते कधी जमलं नाही. बोटं वळवळायची. बाबा डोळे मिटलेले असताना सुद्धा चापट मारायचे, बरोबर बसायची."

ती हसते, आणि हसताना तिला राग येतो. "मला चार वाजता उत्तर द्यायचंय, मास्तर. तुम्ही फिरवताय नुसतं. हॉटेल काय, नगर काय. शेवटच्या महिन्यात मला तुम्ही दोनदा तुमच्या बहिणीच्या नावानं हाक मारलीत. मी कुणाला सांगितलं नाही. मोजताना चुकला असाल तरी सांगणार नाही. पण मला तरी सांगा."

मास्तर तिच्याकडं बघतात. कोटाचं बटण चाचपतात. "इथंही नको," एवढंच म्हणतात, आणि चर्चचं दार उघडतात.

बाहेर तिचं गाव.

चावडीपुढचं पटांगण, माणसं मांडी घालून बसलेली, आणि पुढं शाहिराचा ताफा. नलिनी थबकते. मागं एका रांगेत तिघं झीलकरी उभे, तिच्याकडं पाठ करून. त्यातली डावीकडची पाठ तिच्या वडिलांची. डाव्या कानावर तळहात, मान किंचित वर.

वडिलांनी जन्मभर झील धरली. शाहीर पोवाड्याची ओळ गातो, आणि त्या ओळीचं शेपूट उचलून झीलकरी ते उंच सुरात ताणून धरतात, जी जी रं जी, तेवढ्यात पुढच्याला दम घ्यायला मिळतो. हे तिनं एकदा तालमीत मास्तरांना सांगितलं होतं. मास्तर वाजवायचे थांबले होते. म्हणाले होते, "म्हणजे मी तुझा झीलकरी." तेव्हापासून ती जिथं जिथं श्वास घेई, तिथं तिथं मास्तर चार सूर अंथरायचे. पाचही गाण्यांत तिचा श्वास कुठं ऐकू येत नाही.

पटांगणात झील चढते आहे. पण शाहिराच्या जागी कुणीच नाही. पुढं मोकळी माती, आणि एक माइक, उंच केलेला. कुणाची ओळ उचलतायत ही माणसं?

झील थांबते. तिघांचीही, एकदम.

आणि बसलेली सगळी माणसं त्या मोकळ्या मातीकडं बघायला लागतात.

नलिनीही बघते. हे तिला कुणी समजावायला नको. परकर-पोलक्यात असल्यापासून ती हे बघत आलीय. झील थांबली की शाहीर बोलतो. गाणं बाजूला ठेवतो आणि साध्या बोलीत, माणसानं माणसाला सांगावं तसं, पुढं काय झालं ते सांगतो. त्या वेळी झीलकऱ्यानं हूं की चूं करायचं नसतं.

सोळा मात्रा. हूं नाही की चूं नाही.

"बघतेस काय?" आवाज रांगेतून येतो. चौथा झीलकरी मास्तर झालेत. राखाडी कोट, कानावर हात, आणि त्या पटकेवाल्यांत असे दिसतायत की हसू यावं. पायानं मात्रा मोजतायत. "लोक थांबलेत. पाच झाल्या."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"सहा. जे बोललो ते मागं घेता येईना. वाजवताना मागं जाता येत नाही, ताल जातो. म्हणून पुढं जागा सोडली. सात."

"मग तसं सांगायचं होतं. बावीस वर्षं शेजारी बसलात. तोंड होतं की तुम्हाला."

"तोंडानंच तर केलं होतं. आठ."

ते रांग सोडून पुढं येतात, खिशात हात घालतात, आणि ओढून काढतात ती एक वीट. भाजकी, कोपरा झिजलेली. माइकखाली मातीत ती ठेवतात, पायानं सरळ करतात. कोटाचा खिसा वर येतो आणि मास्तर पहिल्यांदाच सरळ उभे दिसतात.

"चढ. माइक उंच आहे तुला. पहिल्या दिवसापासून उंच आहे. टाचा उचलून गातेस, आणि तुला वाटतं कुणी बघत नाही."

"विटेवर उभी राहायला मी काय देव आहे?"

"त्यानं तरी कुणाला विचारलं होतं? फक्त हात कमरेवर ठेवू नकोस. कानावर ठेव. नऊ." ते तिचा हात धरतात. बोटांची टोकं गार, नेहमीसारखी. तळहात तिच्या कानावर ठेवून वरून घट्ट दाबतात. "दहा."

ती चढते. वीट डुगडुगते, मग बसते. समोर एवढी तोंडं.

"काय बोलू?"

"मला काय ठाऊक? मी झीलकरी. अकरा."

ती पुढं आली तरी वडिलांची तिच्याकडं पाठच, ते वळून बघत नाहीत. एकदा बघावं असं तिला फार वाटतं. ती त्या पाठीकडं हात करणार, तेवढ्यात मास्तर म्हणतात, "त्यांना हाक मारू नकोस. ते मोजतायत. बारा."

"मास्तर, एकच सांगा. चुकला नव्हता ना?"

"धाप लागत होती, ते खरंय. तेरा."

"आणि?"

मास्तर तोंड उघडतात. पटांगणावर कुठून तरी घरघर येते, माणसांच्या डोक्यांवरून तांबडा ठिपका सरकतो, आणि मास्तरांच्या ओठांची हालचाल तिला दिसते पण आवाज एसीचा येतो.

लाइट आलेली असते.

टिळेकर काचेपलीकडं उभे. शर्टावर कोशिंबिरीचा डाग. "ताई, आली बरं का."

नलिनी गालिच्यावर कुशीला वळलेली आहे, हात कानाखाली, मुंग्या आलेला. ती उठून बसते. बोलायला तोंड उघडते तेव्हा तिलाच ऐकू येतं की काय बाहेर पडतंय.

"किती वाजलं वं?"

टिळेकर बटणावरचा हात तसाच ठेवतात. अकरा वर्षांत ही बाई त्यांना भेटलेली नाही. "पावणेचार. एल्विन खाली गाडी लावतोय."

"त्येला म्हणावं, त्या जागंत वाजवू नगंस. म्होरल्या अंतऱ्याला ये."

"आणि जागेत काय?"

"मी बोलणार हाय."

टिळेकर खुर्चीत बसतात. सांभाळून म्हणतात, "ताई, पण मास्तर खरंच चुकले असतील तर?"

ती माइकपुढं जाऊन उभी राहते. "तर चुकू द्यात. चुकून का हुईना, जागा हाय न्हवं."

"लिहून काढायचं का आधी? सोळा मात्रा म्हणजे जेमतेम बारा-तेरा सेकंद मिळतात."

ती मान हलवते. हेडफोन उचलताना तिचं लक्ष तळहाताकडं जातं. मधोमध सात खळ्या उमटल्यात, लालभडक, कानातल्या सात मोत्यांच्या कुडीच्या. रोज अंगाखाली हात घेऊन झोपणारी ती नव्हे. उताणी झोपते ती, हात पोटावर, लहानपणापासून. इतका खोल ठसा, कुणीतरी वरून दाबून धरल्यासारखा. ती अंगठ्यानं चोळते. जात नाही.

"लावा," ती म्हणते.

मास्तरांचा पियानो सुरू होतो, ठेक्याच्या किंचित मागून, घाई नसलेल्या माणसासारखा. ती गाते. पहिला अंतरा. दुसरा. गेला पाहुणा निघून, त्याची पायरी ऊन ऊन. हात उचलले जातात. स्टूल कुरकुरतं.

ती एका बाजूचा हेडफोन सरकवून तळहात कानावर ठेवते. सातही मोती आपापल्या खळीत बसतात. ती श्वास घेते. तो मोठा येतो, खरखरीत, आणि झाकायला कुणी नसतं.

"माज्या मागं उभं ऱ्हाणारी दोन माणसं व्हती," ती बोलते. काचेपलीकडं टिळेकर काही न लिहिता बघत राहतात. "एक माजा बा, महादू खुडे. त्येनं झील धरली. आन् दुसरं..."

सतरावी मात्रा येते, आणि मास्तरांचे दोन्ही हात पट्ट्यांवर पडतात.